दर्जामिस्त्री

दुसऱ्याच्या घरी गेलं की आधी न्हाणीघर बघायचं, मग माणसांची विचारपूस करायची, अशी आमच्या मिस्त्रींची रीत होती. चपला बाहेर काढून ते थेट आत जात, ओल्या फरशीवर उकिडवे बसत आणि दोन फरश्यांमधल्या फटीतून अंगठ्याचं नख फिरवत. नख अडकलं की यजमानांकडे असं बघत, की त्यांनी निदान चोरी तरी केली असावी.

त्या फटींना त्यांच्या धंद्यात दर्जा म्हणतात, म्हणून सगळे त्यांना दर्जामिस्त्री म्हणत. हुद्दा या अर्थाचा दर्जा आमच्या मामंजींकडे होता. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि जगातली सगळी कामं अर्ज लिहून होतात असा त्यांचा अनुभव होता. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आम्ही डोंबिवलीत तीन खोल्यांचं घर बांधलं. भिंती, कौलं सगळं निर्विघ्न पार पडलं. गाडं अडलं ते न्हाणीघराच्या जमिनीपाशी.

मामंजी ठाण्याला एका जुन्या साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आले होते. तिथल्या न्हाणीघरात पांढऱ्या सिमेंटच्या दर्जा होत्या, काचेसारख्या घोटलेल्या. आल्या आल्या त्यांनी कागदावर पेन्सिलीने तसं चित्र काढलं आणि मिस्त्रींपुढे ठेवलं.

मिस्त्रींनी कागद नीट बघितला. "बेस हाय, रावसाहेब. दिवाणखान्यात घालू. न्हाणीत पाणी येतं."

मामंजींना 'रावसाहेब' कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे हा मान की टोमणा, हे ठरवण्यात त्यांचे दोन दिवस गेले.

मग मिस्त्रींनी परसात परीक्षाच मांडली. शहाबादी फरशीचे तुकडे जोडीजोडीने ठेवून एका फटीत त्यांनी नुसतं सिमेंट भरलं, दुसऱ्या फटीत नुसता चुना, आणि तिसरीत चुना, विटांची बारीक भुकटी आणि गुळाचं पाणी. गूळ मागायला ते स्वयंपाकघराच्या दारात आले तेव्हा मामंजींनी विचारलं, फरशीला फराळ कसला? मिस्त्री म्हणाले, ती जन्मभर तुमची खरकटी आंघोळ पिणार, एकदा गोड खाऊ दे.

जोड्या सुकल्यावर मिस्त्रींनी त्यांवर रोज कढत पाणी ओतलं, मग गार. पंधरा दिवसांनी चुना भुगा होऊन निघाला. सिमेंट दगडासारखं झालं होतं, पण आकसून फरशीच्या कडेपासून सुटलं होतं. तिसरी जोडी तेवढी धरून राहिली. मिस्त्री म्हणाले, "लोक फरशी बघतात. पाणी फट बघतं." शिवाय दर्जा फरशीहून किंचित खाली आणि खरखरीत ठेवावी, म्हणजे ओला पाय धरतो, असंही त्यांनी समजावलं.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं, तिन्ही जोड्या चष्मा लावून तपासल्या आणि पांढरं सिमेंट घोटून घ्यायचा निर्णय दिला. तीस वर्षं त्यांनी अहवाल असेच वाचले असणार.

मिस्त्रींनी काम सांगितलं तसं केलं. थापी धुऊन निघताना एवढंच म्हणाले, "कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

सहा महिने न्हाणीघर फार देखणं होतं. आलेल्यांना मामंजी चहाच्या आधी ते दाखवत. पुढे दर्जा कडेने सुटल्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल चढली, आणि एका सकाळी त्या काचेसारख्या जमिनीवर मामंजी घसरले. डाव्या मांडीचं हाड मोडलं. दोन महिने ते खाटेवर होते. सगळ्यांना धाकात ठेवणारा तो माणूस पाणी मागतानासुद्धा माझ्याकडे बघेना.

मीच मिस्त्रींना त्यांच्या घरी, कल्याणपलीकडच्या शहाडला निरोप धाडला. ते आले तेव्हा आम्ही सगळे अंग चोरून उभे होतो, कारण त्या जिभेला एवढी आयती संधी पुन्हा मिळणार नव्हती. मिस्त्री खाटेशी बसले. प्लास्टरमधला पाय त्यांनी निरखून बघितला. मग म्हणाले, "उठल्यावर भार कोणच्या पायावर देणार, रावसाहेब?"

"उजव्या," मामंजी म्हणाले.

तेवढंच विचारून मिस्त्री कामाला लागले. न्हाणीघराची सगळी जमीन उकरली. उतार बदलला. उजवं पाऊल पडेल तिथे छिन्नीने टाचे मारून खरखरीत केलेली फरशी बसवली, हाताशी येईल असा कट्टा बांधला आणि दर्जा चुना, भुकटी, गूळ घालून भरल्या. दर्जा पक्क्या व्हाव्यात म्हणून एकवीस दिवस जमिनीवर ओली पोती अंथरलेली होती, तोवर आम्ही शेजारी आंघोळी केल्या. मामंजी पहिल्यांदा काठी टेकत आत गेले तेव्हा मिस्त्री दाराबाहेर उभे होते. आतून तांब्याचा आवाज येत राहिला. मग मामंजींनी विचारलं, "मिस्त्री, आता नाव सांगू का?"

"एक पावसाळा जाऊ द्या," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर चार पावसाळे गेले. मिस्त्री अधूनमधून येत, न्हाणीत नख फिरवून बघत, आणि मग दोघं ओसरीवर बसून नव्या बांधकामांची यथेच्छ निंदा करत. मामंजींना मित्र असा तो एकच झाला.

एका वर्षी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी मिस्त्री गेल्याचा निरोप आला. मामंजी कल्याणच्या पलीकडे कधी जात नसत. त्या दिवशी काठी घेऊन, टांगा करून शहाडला गेले. संध्याकाळी परतले, न्हाणीघरात गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत.

सकाळी मी गुढीची काठी पुसत होते. मामंजींनी ती माझ्या हातातून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली.

"यंदा नको, सूनबाई," ते म्हणाले. "आपल्याला सुतक आहे."

श्रीखंडासाठी बांधलेला चक्का मी खुंटीवरून काढला आणि शेजारी देऊन आले.