पेव्हर ब्लॉक अडवणारा पतंग
"थांबव रे मशीन, पाप लागेल!" मी मुलुंडात असा ओरडलो की ठाण्याच्या कुत्र्यांनी उत्तर दिलं. सोसायटीचे सेक्रेटरी गवत कापायला माणूस घेऊन आले होते. बिल्डिंगमागच्या त्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक घालून गाड्या लावायच्या होत्या, आणि मी तर रोज संध्याकाळी तिथेच खुर्ची टाकून राजासारखा बसायचो. कापलेल्या गवताच्या ओल्या वासात मला एका पात्यावर उलटा चिकटलेला पतंग दिसला: वाळक्या काडीसारखा, पंख अंगाभोवती गुंडाळलेले, त्यांवर चंदेरी रेघा, तोंडापुढे सोंडेसारखं टोक. "साहेब, हा अख्ख्या जगात फक्त इथेच सापडतो!" मी ठोकून दिलं. सेक्रेटरींनी लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना खाली बोलावलं. झालं, माझी वाट लागली. मॅडम वाकल्या, त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "हा श्रीलंकेपासून जपानपर्यंत सापडतो." मी मान खाली घातली. "जपान?" सेक्रेटरींचे डोळे बशीएवढे झाले. "अरे, म्हणजे इंटरनॅशनल आहे हा! आपल्या कंपाउंडमध्ये! मशीन बंद कर, उद्या इथे बोर्ड लावू." आजही कुठे गवत कापलं की त्या वासाने मला एकट्यालाच हसू फुटतं. त्या दिवशी जिन्यात मी हात जोडले, म्हटलं, "मॅडम, वाचवलंत!" त्या म्हणाल्या, "तो माझ्या बाथरूमच्या ट्यूबलाइटवरही बसतो."