सातव्या पानावरची चूक

ऑफिसात त्यांना सगळे ‘डबलचेक’ म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. घराला कुलूप लावून निघाले की अर्ध्या जिन्यातून परत वर येणार आणि कुलूप ओढून बघणार. बायको खालून ओरडणार, "अहो, ओढून ओढून तुटेल ते एक दिवस!" चाळीस वर्षं त्यांनी पाण्याच्या टाक्यांची गणितं केली, आणि दुसऱ्यांच्या गणितात इतक्या चुका पकडल्या की नवी माणसं त्यांच्या टेबलावर कागद ठेवताना घाम पुसायची. यांच्या हातून चूक होईल असं कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ऑफिसातून फोन आला. करणारा आता तिथला मोठा साहेब, पण एकेकाळी यांच्याच हाताखाली शिकलेला. "सर, बाजाराजवळच्या टाकीची गणितं तुमच्याकडे आहेत ना? तशीच आणखी एक बांधायचीय." डबलचेकांनी कपाटातून फाइल काढली. नुसती पाठवून दिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण सवय जाते कुठे? पेन्सिल घेऊन बसले.

अठरा वर्षांपूर्वी या टाकीची गणितं अर्ध्यावर असताना वरून हुकूम आला होता, टाकी चार लाख लिटरची नको, पाच लाखांची करा. त्यांनी सगळी पानं नव्यानं केली होती. पाया, खांब, तळ, भिंत, सगळं. फक्त सातवं पान, म्हणजे टाकी ज्याच्यावर बसते त्या गोल बीमचं, जुनंच राहिलं होतं. चार लाखांचं. बीममध्ये सळया त्याच पानाप्रमाणे पडल्या, आणि अठरा वर्षं रोज त्यावर पाच लाख लिटर पाणी चढत होतं.

त्यांनी गणित पुन्हा केलं. कागद बदलून केलं, उलट्या बाजूनं केलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस देवाला विनवत होता, एवढं गणित माझं चुकू दे. नाही चुकलं.

"अठरा वर्षं उभी आहे ना ती?" बायको म्हणाली. "मग आता कशाला उकरून काढता? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत गं," ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबानं पान बघितलं आणि आधी दार लावून घेतलं. "सर, अठरा वर्षं काही झालेलं नाही."

"झालं नाही, कारण आपण गणितात थोडी जास्तीची ताकद धरतो. ती कशासाठी धरतो रे? वाळू वाईट निघाली, सळई गंजली, जमीन हलली, त्यासाठी. माझ्या चुकीसाठी नाही! ती सगळी मी एकटाच खाऊन बसलोय. उद्या आत काही गंजलं तर सावरायला शिल्लक काय आहे?"

पानाखाली दोन सह्या होत्या. गणित करणाऱ्याची यांची, तपासणाऱ्याची साहेबाची.

"तू तपासलं होतंस ना हे?"

साहेबानं मान खाली घातली. "खरं सांगू? मी पान उलटूनसुद्धा बघितलं नव्हतं. तुमचं काम तपासायचं म्हणजे... अख्खं ऑफिस हसलं असतं मला."

डबलचेकांना राग आला, पण तो त्याचा नव्हे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका चारचौघांत दाखवून त्यांनी असा काही दरारा बसवला होता, की त्यांची चूक शोधायला कुणी उरलंच नव्हतं.

"निदान पाणी तरी चार लाखांवर थांबव. बीमला आधार देईपर्यंत."

"मग वरच्या वस्तीला पाणी पोचणार नाही. कारण लिहावं लागेल. आणि कारण म्हणजे आपण दोघं. मला दोन मुली आहेत, सर."

"मग मी वर पत्र लिहितो."

"लिहा की. सहा महिन्यांनी ते उत्तरासाठी माझ्याच टेबलावर येईल."

डबलचेक खुर्चीतून उठले आणि वाकून साहेबाचे पायच धरायला गेले. साहेब मागं सरकला, भिंतीला टेकला, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही जा इथून."

ते तडक टाकीवर गेले. तिथं व्हॉल्व्ह सोडणारा पाणीवाला राहायचा. टाकीखालच्याच खोलीत, बायको आणि म्हाताऱ्या आईसकट. डबलचेकांनी त्याला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. पाणीवाल्यानं ऐकून घेतलं. मग टाकीत पाणी किती चढलं ते दाखवणाऱ्या, भिंतीवरच्या फुटांच्या पट्टीकडे बघितलं.

"साहेब, तुमचीच चूक तुम्ही कशाला सांगत फिराल? म्हणजे खरंच असणार." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "माझ्या पाळीत मी चार लाखांवर मोटर बंद करीन. बोलणी खाईन. पण दुपारी दुसरा माणूस येतो, तो काठोकाठ भरणार. त्याला वरून ऑर्डर लागते."

"मी आणतो ऑर्डर. कुठूनही आणतो."

"कधी?"

पाणीवाला आत गेला. थोड्या वेळानं पत्र्याची पेटी बाहेर आली, मग शेगडी, मग गाद्यांची वळकटी. आतापर्यंत त्यांच्यावर विश्वास ठेवणारा हाच एक माणूस भेटला होता, आणि तो बेघर होत होता. डबलचेकांना ते बघवेना, पण हलवेनाही.

"जायचं कुठं पण?" बायको आतून विचारत होती. पाणीवाला तिला म्हणाला, "आधी बाहेर तर पड."

सगळ्यात शेवटी म्हातारी आली, काखेत गाठोडं घेऊन. तिनं मान वर करून टाकीचा तळ बघितला.

"कोणी बांधली रे ही?"

"मी, मावशी," डबलचेक म्हणाले, आणि गाठोडं घ्यायला पुढे झाले. तिनं ते त्यांच्या हातात दिलं नाही.