नाव गाळलेला अहवाल

माझी नोकरी आईला कधी खरी वाटलीच नाही. "शांततेची प्रोफेसर म्हणे! कुकरची शिट्टी झाली तरी दचकते," असं ती आमच्या झाशीच्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यातल्या बायकांना हसत सांगते. मी युद्धविरामांवर शिकवते, परदेशात जाऊन लोकांच्या साक्षी घेते, अहवाल लिहिते. साक्षीदाराचं नाव फुटू द्यायचं नाही, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी घोकवून घेते.

त्या हिवाळ्यात सुट्टीवर झाशीला आले होते. माझा नवा अहवाल त्याच सकाळी इंटरनेटवर आला होता. आई मटार सोलत बसली होती. म्हणाली, "वाच बरं, काय लिहितेस ते कळू दे तरी." मी तोऱ्यात मराठीतून सांगायला लागले. डोंगरातलं गाव, कागदावर शस्त्रसंधी, तरी बंदूकवाले घरात शिरतात. हे सांगणाऱ्या बाईचं नाव मी गाळलं होतं. नुसतं लिहिलं होतं, 'गावच्या दवाखान्यातली नर्स, जिचा नवरा पुलावर मारला गेला.'

आईचे हात थांबले. "त्या गावात नर्स किती?"

"एकच."

"मग नाव कशाला गाळलंस? अगं, मी जन्मात यांचं नाव घेतलं नाही. बडा बाजारात नुसतं 'आमच्याकडचे' म्हटलं की भाजीवाला भैया सांगतो, बाबूजी आत्ताच इलाइट चौकाकडे गेले. झाकलंस काय त्यात?"

देवा रे! एवढी शिकलेली मी, आणि हे मला दिसू नये? नाव फुटू देणार नाही, असं वचन मी त्या नर्सला तिच्याच स्वयंपाकघरात बसून दिलं होतं, तिचा हात हातात घेऊन. आता तिच्या दाराशी कोण उभं असेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

युरोपातल्या ऑफिसात फोन लावला, तर सुट्टी असल्याचा रेकॉर्ड केलेला निरोप वाजला. त्या डोंगरातल्या गावी माझ्यासोबत असलेल्या दुभाष्याचा फोन बंद. दुपारी कशीबशी अहवालाची संपादिका सापडली. तिनं अहवाल लगेच इंटरनेटवरून काढून टाकला, पण म्हणाली, "सकाळपासून बऱ्याच जणांनी उतरवून घेतलाय."

बाबा समजूत घालायला आले. "एवढं जाडं बाड वाचतंय कोण, बेटा?"

"ज्यांनी वाचू नये तेच वाचतात, बाबा!" मी खेकसले, आणि मग रडूच फुटलं.

तीन दिवस दुभाष्याचा नंबर फिरवत राहिले. दुधवाल्यानं कडी वाजवली तरी अंगावर काटा यायचा. आईनं चेष्टा करायचं सोडलं, हे तर आणखीनच भीतिदायक होतं.

चौथ्या दिवशी दुभाष्याचा फोन आला. दवाखान्यात दोघं बंदूकवाले तिची चौकशी करत आले होते. नर्स मागच्या दारानं निसटली आणि बहिणीकडे पोचली. जिवंत होती.

"तिनं एकच विचारलंय," तो चाचरत म्हणाला. "तिचं गाळलंत, पण अहवालावर तुमचं नाव आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "पहिल्याच पानावर."