पिवळ्या खडूचे बाण

आयर्लंडमधल्या एनिस गावाच्या बाहेर पडलं की रस्त्यांच्या मधोमध गवत उगवलेलं असतं. मोठे रस्ते नव्हेत, खेड्यांना खेडी जोडणारे अरुंद रस्ते. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, त्यांवरून लोंबणारी लाल फुलांची झुडपं, आणि समोरून ट्रॅक्टर आला की सायकल कुंपणाला टेकवून अंग चोरून उभं राहायचं. ट्रॅक्टरवाला जाता जाता स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. आपणही एकच बोट उचलायचं. मला हे कळायला वर्ष लागलं. तोवर मी अख्खा हात हलवून टाटा करत होते.

मी इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आले. तो शॅननला जायचा, मुलगी शाळेत, आणि मी दिवसभर घरात. दुसऱ्या वर्षी एका शेजारणीनं तिची जुनी सायकल दिली, आणि तिच्यावरून मी एकेक रस्ता शोधून काढला. कुठल्या शेतातला कुत्रा अंगावर येतो, कुठलं दुकान रविवारी स्कोन, म्हणजे गरम गोडसर पाव ठेवतं, कुठल्या चढाला आधीच गिअर उतरवायचा, हे सगळं मी वहीत लिहून ठेवत असे.

मग ती एनिसला आली, तेव्हा एम.एस. संपवून नुकतीच नोकरीला लागली होती. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, मूळची पुण्याची, मला ताई म्हणायची. दर रविवारी जेवायला येऊ लागली, मग सायकल घेतली, मग माझ्या मागून निघाली. पहिल्या वर्षी चढ आला की ती उतरून सायकल ढकलायची. मी वर जाऊन थांबत असे. कधी दहा मिनिटं, कधी वीस. एकदा पावसात भिजत चाळीस मिनिटं थांबले, तेव्हा ती एका फाट्यावर भलतीकडेच वळली असल्याचं कळलं. फोनला रेंज नाही, पाटी वाऱ्यानं फिरलेली.

त्या दिवसापासून बाण सुरू झाले. मुलीच्या डब्यातला पिवळा खडू मी जर्सीच्या मागच्या खिशात ठेवायला लागले. पुढे असेल तिनं प्रत्येक वळणावर रस्त्यावर बाण काढायचा. बाण दिसला की वळायचं, नसेल तर सरळ जायचं. तिसरा नियम नंतर आला. एकदा तिला वाटलं की ताईचा बाण चुकला, आणि ती स्वतःच्या डोक्यानं सरळ गेली ती थेट एका गोठ्यात, दोन कुत्र्यांच्या तावडीत. मग मी तिला ठणकावून सांगितलं की बाण दिसला की डोकं चालवायचं नाही. पुढचीला माहीत असतं. रस्ता बंद असेल, गुरं आडवी असतील, तिनं काहीतरी पाहिलेलं असतं. हा नियम माझाच. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने सायकल भिंतीला टेकून होती. मी परत रस्त्यावर आले तेव्हा ती कुठच्या कुठे गेली होती. चढावर उभी राहून पेडल मारायची, आणि मी वर पोचेपर्यंत केळं खाऊन सालही खिशात ठेवलेली असे. खडू आता तिच्या खिशात गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटायचा. हिला मी शिकवलंय, असं मी नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं की तो वैतागला.

आमचं एक ठरलं होतं. समुद्रापर्यंत जायचं. पश्चिमेला जवळजवळ चाळीस किलोमीटर, तोंडावर वारा घेत. हा मार्ग मी आम्ही दोघी सायकलवर निघू लागलो त्या पहिल्याच हिवाळ्यात वहीत काढला होता. ती तयार नाही म्हणून आम्ही एक उन्हाळा थांबलो, मी तयार नाही म्हणून दुसरा. आणि तिसऱ्या वर्षी नवऱ्याला डंडॉकला नोकरी लागली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. जुलैत घर सोडायचं होतं. जूनच्या मधल्या शनिवारी जायचं, दोघींनी, नाहीतर राहिलंच, असं आम्ही ठरवलं. मी तीन महिने रोज गुडघ्याचे व्यायाम केले.

त्या सकाळी मी दोन डबे घेतले. दोन्हींत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिला दशमी आवडते.

आठला निघालो. अर्ध्या तासात ती पुढे गेली, त्यात नवीन काही नव्हतं. दहाच्या सुमाराला मी त्या फाट्यावर पोचले. तिथे निळ्या-पांढऱ्या मेरीची एक छोटी देवळी आहे आणि शेजारी बाक. माझ्या वहीप्रमाणे तिथून सरळ जायचं होतं. पण रस्त्यावर पिवळा बाण होता, डावीकडे वळणारा, नीट ठळक काढलेला.

मी क्षणभर थांबले, हे कबूल करते. मग वाटलं, पुढे डांबर आणि खडी टाकलेली असेल, उन्हाळ्यात इथे सगळीकडे टाकतात. तिनं पाहिलं असेल. बाणाशी वाद घालायचा नाही. मी डावीकडे वळले.

थोड्या वेळानं वारा पाठीमागून यायला लागला आणि मी मूर्खासारखी खूश झाले. गुडघाही गप्प होता. पुढच्या फाट्यांवर बाण नव्हते, म्हणजे सरळ. असे चौदा किलोमीटर गेले, आणि एका वळणावर पाटी आली की एनिस चार किलोमीटर.

मी करकचून ब्रेक दाबला. पण घाबरले कशानं, तेही ऐका. मला वाटलं, पोरगी चुकली. स्वतः चुकून भलता बाण काढला आणि आता कुठेतरी एकटीच भटकतेय, किंवा पडलीय. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी सायकल वळवली आणि तोच वारा तोंडावर घेत चौदा किलोमीटर परत गेले. वाटेत दोघांना विचारलं, हिरव्या जर्सीतली मुलगी दिसली का. एका म्हाताऱ्यानं गेटवर टेकून शांतपणे नाही म्हटलं, आणि मी पडलेली सायकल दिसतेय का म्हणून चरांत डोकावत पुढे गेले. गुडघा आता ओरडत होता.

फाट्यावर पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. मी बाकावर बसले. परत येईल तर इथेच येईल, म्हणून तास-सव्वा तास तिथे बसले. देवळीतल्या मेरीला आपल्या गणपतीला घालतात तसं साकडंसुद्धा घातलं. डबा उघडला नाही, तिच्याशिवाय कसं खायचं म्हणून.

ती समुद्राच्या रस्त्यानं आली. तिच्याबरोबर सहा सायकली होत्या, पंचक्रोशीतल्या एका क्लबची माणसं, एकसारख्या जर्सीतली, एकमेकांच्या चाकाला चाक लावून चाललेली. ती मधे होती आणि हसत होती. तिच्या बुटांना वाळू लागली होती.

मला पाहून तिचं हसू गेलं. तिनं ब्रेक दाबला, पण बोलला आधी त्यांच्यातला एक, पन्नाशीचा, तांबूस चेहऱ्याचा भला माणूस. त्यानं आनंदानं विचारलं, तूच का ती मैत्रीण, तू फक्त इथपर्यंतच येणार होतीस ना, हिनं मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं आम्हाला. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. सकाळी ते पुढच्या वळणापाशी तिची वाट पाहत थांबले होते, हेही त्यानंच सांगितलं.

मागच्या आठवड्यात. म्हणजे मी पीठ मळत होते तेव्हा तिला माहीत होतं. सकाळी माझ्या दारात सायकलला हवा भरताना माहीत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मी तिच्याकडून एक वाक्य ऐकायची वाट पाहत होते, ज्यानं हे सगळं खोटं ठरेल.

ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तू अजून इथे? मी घरचा बाण काढला होता ना."

"फोन का नाही उचललास?"

"ग्रुपमध्ये होते ना, थांबता येत नाही. तुझ्या गुडघ्याला झेपलं नसतं गं. तोंडावर सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. मला वाटलं, तू घरी जाशील आणि यू'ड बी ग्रँड, मजेत असशील."

तोंडावर सांगितलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, हे खरंच. मी दोन दिवस फुगून बसले असते, तिसऱ्या दिवशी म्हणाले असते, जा बाई, पोरांबरोबर जा, मी गाडीनं येते आणि तिथे दशम्या खाऊ. माझ्या नाकावर राग असतो, पण तो टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिनं मला सोडून जायचं ठरवलं, त्याचं मी मनात काही धरलं नसतं. पण त्यासाठी तिनं बाण वापरला. मी डोकं चालवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तसं मीच तिला शिकवलं होतं. माझ्याच खडूनं माझ्या हातावर तुरी दिल्या.

मी बाकावरून उठले. पाण्याची बाटली काढली, बाणावर ओतली आणि बुटानं घासायला लागले. सहा अनोळखी माणसं बघत उभी होती.

"ताई, काय करतेयस?"

"मागून कुणी येत असेल तर चुकेल," मी म्हटलं.

मग सायकलवर बसले आणि सरळ रस्त्याला लागले. मागून ती थांब म्हणाली. एवढ्या वर्षांत तिच्या हाकेला मी पहिल्यांदाच थांबले नाही.

चारच्या सुमाराला समुद्र दिसला. खूप आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. वाळूत बसून मी माझी दशमी खाल्ली आणि खाता खाता रडले, मग नवऱ्याला फोन करून गाडी घेऊन यायला सांगितलं. तिचा डबा तसाच परत आला. जुलैत आम्ही डंडॉकला गेलो. निघण्याआधी तिचे दोन मेसेज आले होते. मी उत्तर दिलं नाही, अजूनही दिलेलं नाही.

फाट्यापासून समुद्रापर्यंत आणखी चार वळणं लागली होती. मार्ग माझ्या वहीतला, मला पाठ होता. तरी प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबला आणि खाली वाकून पाहिलं, तिनं बाण काढलाय का.

एकाही वळणावर नव्हता.