मिस्त्रींचा उरलेला सल्ला

जुन्या जीपगाड्यांच्या पोटातलं इतकं ज्ञान असलेली आणि गाडी चालवता न येणारी माझ्यासारखी दुसरी बाई सापडायची नाही. वडिलांमागे त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान मी अठ्ठावीस वर्षं चालवलं. कोणत्या सालच्या गाडीला किती दातांचं पिनियन लागतं, हे झोपेतून उठवून विचारा, सांगेन. क्लच मात्र आयुष्यात कधी पायाने दाबलेला नाही. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे हसण्यासारखं फार काही नाही.

दुकानाच्या भिंतीला लागून मिस्त्रींचं गॅरेज होतं. इंजिनाला ते हात लावत नसत. "इंजिन काय, कुणीही करतं," असं म्हणायचे आणि नाक वर करायचे. इंजिनाची ताकद ज्या वाटेने चाकापर्यंत जाते, ती वाट त्यांची. क्लच, गिअरबॉक्स, पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस, लांबलचक शाफ्ट, एक्सल. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायचे. एकदा त्यांना ताप आला म्हणून मी डबा घेऊन आत गेले, तर मांडणीवर ताट एक, वाटी एक, पेला एक. म्हटलं, "अहो, दुसरा पेला तरी ठेवा, कुणी आलं गेलं तर?" म्हणाले, "धुवायला कशाला वाढवायचा?"

पुढे पुढे जुन्या गाड्या गॅरेजमध्ये यायच्या कमी झाल्या. यायचे ते फोन. अशा गाड्या ठेवणारे लोक वेडे असतात आणि एकमेकांना धरून असतात. एकाने दुसऱ्याला नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. नंबर माझ्या दुकानाचा, कारण गॅरेजमध्ये फोनच नव्हता. संध्याकाळी पाच ते सहा ही मिस्त्रींची वेळ ठरून गेली. पाचला पाच कमी असताना ते फडक्याने हात पुसत यायचे, काउंटरजवळच्या स्टुलावर बसायचे. रिसीव्हरला ग्रीस लागू नये म्हणून मी स्पीकर चालू करून द्यायचे. फोन वाजला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हळू. पहिल्यापासून सांगा." मग समोरचा सांगायचा, हे डोळे मिटून ऐकायचे आणि न पाहिलेल्या गाडीतला नेमका सैल झालेला बोल्ट सांगायचे. मी हिशेबाच्या वहीत डोकं घालून सगळं ऐकायचे.

ऐकता ऐकताच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. समजा कुणाच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा सांधा, गेला. मिस्त्री कसा खोलायचा, कसा ठोकायचा, कसा बसवायचा, सगळं सांगायचे. खोलण्याआधी शाफ्टवर रंगाची खूण करून ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांचे कान पुन्हा एका रेषेत येतील, एवढं मात्र सांगायचे नाहीत. स्वतः ते पिवळ्या रंगाचे दोन ठिपके दिल्याशिवाय नटाला हात लावत नसत. दोन दिवसांनी तो माणूस फोन करायचा, "मिस्त्री, गाडी थरथरतेय हो." की यांचा चेहरा उजळायचा. "हळू. पहिल्यापासून सांगा."

तिसऱ्या-चौथ्या वेळी मी छेडलंच. "काय हो, सल्लाही हप्त्याहप्त्याने द्यायला लागलात?"

ते फडक्याने बोटं पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, गाडी नीट झाली की कुणी फोन करत नाही."

नुकसान तर कुणाचं होत नव्हतं, एक फोन जास्त, एवढंच. आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या दुकानात फोन वाजलेला मलाही हवा असायचा. मी मूग गिळून बसले.

फोन करणाऱ्यांत एक नर्सबाई होती. डोंगरातल्या वस्त्यांवर लशी पोचवायला दवाखान्याने तिला एक जुनी जीप दिली होती आणि ड्रायव्हर दिला नव्हता. तिचं बोलणं मोकळं. गाडीचं सांगून झालं की ती विचारायची, "आणि काका, तुम्ही जेवलात का दुपारी?" इतक्या लोकांत एवढं विचारणारी ती एकटीच. तिचा फोन झाला की मिस्त्री उगाचच पाच मिनिटं जास्त बसायचे, मलाही विचारायचे, "ताई, तुम्ही जेवलात का?" सहा वाजता!

तिच्या गाडीला हब बसवायची कल्पना मिस्त्रींचीच. जुन्या गाडीची पुढची चाकं एक्सलला कायमची जोडलेली असतात. फोर-व्हील लावलेलं नसलं तरी पुढचा सगळा लवाजमा उगाच फिरत राहतो आणि गाडी जड चालते. हब बसवले की चाकाच्या मधोमध एक खटका येतो. हाताने मोकळा केला की चाक सुटं फिरतं, लॉक केला की एक्सलशी जोडलं जातं. हब माझ्याच दुकानातून गेले. तिथल्या फिटरकडून ते कसे बसवून घ्यायचे, हे मिस्त्रींनी तिला तासभर समजावलं. चिखलात, वाळूत लॉक करायचे, पक्क्या रस्त्यावर मोकळे ठेवायचे, सगळं झालं. एक गोष्ट राहिली. ट्रान्सफर केसचा लो गिअर टाकण्याआधी, चढ कितीही कोरडा असो, दोन्ही हब लॉक करायचे. लो गिअरमध्ये ताकद दुपटीहून वाढते. पुढची चाकं मोकळी असली तर ती सगळी मागच्या एक्सलवर पडते, आणि जुना एक्सल तेवढी सोसत नाही.

हे मला माहीत होतं. मी काउंटरवरून डोळे मोठे केले, ओठांनी "लो गिअर" असं म्हटलंही. त्यांनी हात हलवला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पुढच्या फोनला सांगतो."

पुढचा फोन नवव्या दिवशी आला, सकाळी अकराला. मिस्त्री काहीतरी सील न्यायला म्हणून दुकानात आलेलेच होते. मी स्पीकर लावला.

"काका, मागून मोठा आवाज झाला. गाडी पुढे जात नाही. ब्रेकवरचा पाय सैल केला की मागे घसरतेय. हँडब्रेक ओढला, तरी थांबत नाही."

"हब लॉक आहेत?"

"नाही. सगळं कोरडं होतं. चढ आहे म्हणून फक्त लो टाकला."

मिस्त्रींच्या हातातलं सील खाली पडलं. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांना नसतो, मधल्या शाफ्टला असतो. एक्सल तुटला की शाफ्ट कितीही धरा, चाकं मोकळीच. गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. गाडीला धरून होता तो फक्त ब्रेकवरचा तिचा उजवा पाय. पाय उचलून खाली उतरायचं, हब लॉक करायचे, एवढाच उपाय, आणि पाय उचलता येत नव्हता. गाडी डोंगराच्या सोंडेवर होती, दोन्ही बाजूंना उतार. टेकवायला भिंत नाही, दगड लावायला माणूस नाही.

"पायाखालचा ब्रेक सोडू नका, सिस्टर. काहीही झालं तरी."

मी माझ्या मोबाइलवरून दवाखान्यात फोन लावला. दोन माणसं मोटरसायकलवर निघाली, पण पोचायला दीड तास म्हणाली. तो दीड तास मिस्त्री उभ्या उभ्या बोलत होते. आधी डावा पाय उजव्या पायावर ठेव, भार दे, मग उजवा हळूच काढ. आता तो सैल सोड. आता पुन्हा बदल. "सिस्टर"चं "बाळा" कधी झालं, "तुम्ही"चं "तू" कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. करायला काही नाही म्हणून मी तेच ते नट एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकत होते.

मध्येच तिने विचारलं, "काका, माझं काय चुकलं?"

ते सांगू शकले असते, जुना एक्सल होता, कधीतरी तुटणारच होता. तिला पटलंही असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, तेवढंच सांगा.

"तुझं नाही चुकलं. लो टाकण्याआधी हब लॉक करायचे असतात. मला माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"मुद्दाम?"

"तू परत फोन करशील म्हणून."

फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, वेगळाच, कोरडा. "बोलत राहा. पाय थरथरतोय."

ते बोलत राहिले. माणसं पोचली, चाकांमागे दगड लागले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी त्या माणसांकडून हब लॉक करून घेतले, आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर हळूहळू वर चढली. चढल्याचं त्या माणसांनी सांगितलं. ती फोनवर आली नाही.

त्यानंतर तिचा फोन कधीच आला नाही. नवा एक्सल न्यायला दवाखान्याचा शिपाई आला, त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई बऱ्या आहेत." मिस्त्रींनी त्या एक्सलला स्वतः ग्रीस लावून तो कापडात गुंडाळून दिला. सोबत एका कागदावर सूचना लिहून दिल्या, पाठपोट, एकही न गाळता. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माझा. मी तोंडाने नीट म्हणाले असते तर स्पीकरवर तिला ऐकू गेलं असतं.

मग मिस्त्री प्रत्येकाला सगळं सांगू लागले. खूण करा, बोल्ट कसा, ऑइल किती, शंभर किलोमीटरनंतर काय बघायचं. "थांबा, अजून एक," असं म्हणून मला ठेवलेला फोन परत लावायला सांगायचे. सल्ला इतका पुरा, की दुसऱ्यांदा कुणालाच गरज पडेना. महिन्याभरात पाच ते सहा ही वेळ रिकामी झाली. ते मात्र पाचला पाच कमी असताना हात पुसत यायचे आणि स्टुलावर बसायचे.

माझे गुडघे गेले, मुलाने हट्ट धरला, दुकान बंद झालं. फोन मी गॅरेजमध्ये हलवून दिला. आता मी मुलाकडे सातव्या मजल्यावर राहते. मुलगा-सून सकाळी जातात ते आठला येतात. घरात सगळं आहे, पेले तर चोवीस आहेत. दुपारी मी ते पुसून परत ठेवते.

परवा पाच वाजता मी माझाच जुना नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला.

"हळू. पहिल्यापासून सांगा."

काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हटलं, "गाडी जुनी आहे. थर्ड गिअर निसटतो."

माझा आवाज त्यांनी ओळखला होता, आणि मला क्लच कोणत्या पायाने दाबतात तेही ठाऊक नाही हे त्यांना माहीत होतं.

"चढावर निसटतो की उतारावर?" त्यांनी विचारलं.

"उतारावर. पाय काढला की."

"मग वरचं झाकण काढा. आत स्प्रिंग आणि गोळी असते. स्प्रिंग दमली असेल तर बदला. दुसरं, गिअर सरकवणारा फोर्क झिजलाय का बघा. तिसरं, गिअरबॉक्स इंजिनला धरणारे बोल्ट कसून घ्या." ते थांबले. "चौथं एक आहे."

"सांगा ना."

"ते उद्या सांगितलं तर चालेल का, ताई?"

चौथं म्हणजे मेन शाफ्टचं बेअरिंग. अठ्ठावीस वर्षं मीच विकलं होतं.

"चालेल," मी म्हटलं. "उद्या पाचला करते."