आधी ट्रॉली, मग माणसं

पाशामियाँच्या चालण्याची गल्लीत अजून थट्टा होते. रस्ता चांगला रुंद, समोर रिक्षा नाही की सायकल नाही, तरी हा माणूस एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत अगदी एका रेषेत चालतो. पोरं विचारतात, चाचा, दोरीवरून चाललात का? चाचा हसून म्हणतात, दोरी न्हाई बाबा, रूळ हाय. नोकरीची सगळी उमर जो रुळाच्या माथ्यावर अनवाणी धावला, त्याला सपाट रस्त्यावर ऐसपैस चालायला आता कोण शिकवणार?

पाशामियाँ ट्रॉलीमन होते. ट्रॉलीमन म्हणजे काय हे आता लातुरातसुद्धा समजावून सांगावं लागतं, ही आपल्या गावाची तऱ्हा. लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी ती छोट्या रुळांची गाडी, बार्शी लाइट, अजून लोकांच्या बोलण्यात आहे. पण रूळ धड आहेत की नाहीत हे रोज बघत जाणारी ट्रॉली कुणाला आठवत नाही. लाकडी फळ्यांची, लोखंडी चाकांची साधी गाडी. पुढच्या बाकावर साहेब, साहेबाच्या डोक्यावर छत्री, आणि ढकलायला चौघे जण. दोघांनी दोन रुळांवरून धावत ढकलायचं, वेग आला की उडी मारून मागच्या फळीवर टेकायचं. दमले की दुसऱ्या दोघांनी उतरायचं. एप्रिल-मे महिन्यात रूळ तव्यासारखा तापायचा. पायात काही घातलं तर पाय घसरतो, म्हणून पाशामियाँ अनवाणीच धावायचे.

पाशा, नागप्पा, व्यंकटी आणि लिंबाजी असे ते चौघे. हरंगूळ, औसा रोड, मुरूड हा त्यांचा मुलूख. गाडीची शिट्टी कानावर आली की ज्याला आधी ऐकू येईल त्यानं ओरडायचं, "कोपरा!" मग चौघांनी आपापला कोपरा धरून ट्रॉली रुळावरून उचलायची आणि बाजूच्या खडीवर ठेवायची. पाशाचा कोपरा पुढचा डावा, नागप्पाचा पुढचा उजवा. झोपेतून उठवलं तरी हात तिथंच जायचे. साहेबाचं काय? साहेबानं आपली आपण उडी मारायची. आधी ट्रॉली, मग माणसं, असा त्यांचा कायदा. माणसाला पाय असतात, ट्रॉलीला नसतात, असं व्यंकटी म्हणायचा.

आता या कथेतली खरी फिर्यादी सांगायला हवी. ती म्हणजे गौसिया, पाशामियाँची बायको. माहेर औशाचं, जीभ तिखट, मन मात्र मऊ. लग्न नवं असताना ती रुळाच्या कडेला डबा घेऊन उभी राहायची. एकदा तिनं हळूच विचारलं, मला बसवा की एक डाव, त्या झाडापर्यंत. पाशामियाँनी कानाला हात लावले. सरकारी ट्रॉली, बाहेरच्या माणसानं बसायचं नाही. गौसियानं ऐकून घेतलं. पण पुढच्याच आठवड्यात साहेबाची बायको मुरूडला कुणाच्या तरी बारशाला निघाली, आणि ट्रॉलीच्या बाकावर छत्रीखाली बसून गौसियाच्या समोरून गेली. ढकलत कोण होतं? पाशामियाँ. त्यांनी मान वर केली नाही. पण डबा हातात तसाच धरून उभी राहिलेली बायको त्यांना दिसायची ती दिसलीच.

त्या दिवसापासून घरात भाजी खारट झाली, छप्पर गळलं, पोरगा आसिफ शाळेत नापास झाला, काहीही झालं तरी वाद फिरून तिथंच यायचा. "मेमसाब बसू शकते. गौसिया न्हाई." पाशामियाँ उठून बाहेर जायचे. तिचं खरं होतं, आणि ते त्यांना आतून खात होतं.

पुढे छोटी लाइन बंद पडली. मोठे रूळ आले, स्टेशन गावाबाहेर गेलं आणि पाशामियाँची बदली नांदेडला झाली. नांदेडची ट्रॉली अंगानं मोठी, रूळ रुंद, बरोबरची माणसं नवी. ती माणसं वाईट होती असं नाही, पण "कोपरा" म्हटलं की तोंडाकडे बघायची. पाशामियाँ तिथं नोकरी पुरी करून लातूरला परत आले. व्यंकटी आणि लिंबाजी तोवर वारले होते. नागप्पा देगलूरला मुलीकडे राहायला गेला. ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचा, तेवढाच.

आणि मग गावात संग्रहालय उभं राहिलं. जुन्या मालधक्क्याची शेड नीट केली, समोर चिंचेच्या झाडापर्यंत थोडे छोटे रूळ टाकले, त्यांवर कुठूनशी मिळालेली काळी इंजिनबाई आणून उभी केली. इंजिनच्या पुढे, त्याच रुळांवर, एक ट्रॉली. सगळा कारभार मृण्मयी नावाच्या नांदेडच्या मुलीकडे. हुशार, कामाला वाघ, आणि म्हाताऱ्यांचं ऐकून घेणारी. तिनं पाशामियाँना येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगायला ठेवलं. पहिल्या दिवशी ट्रॉली दिसताच ते जवळ जाऊन वाकले. पुढच्या डाव्या कोपऱ्याचं लाकूड हातानं घासून गुळगुळीत झालेलं होतं. ही त्यांचीच ट्रॉली होती की दुसरी कुठली, देव जाणे. त्यांनी ती आपली मानली आणि विषय मिटवला.

मृण्मयीनं इंजिनच्या जुन्या शिट्टीचं ध्वनिमुद्रणही मिळवलं होतं. बटण दाबलं की शेडवरच्या भोंग्यातून शिट्टी वाजावी, अशी तिची हौस. तिनं ती मोबाइलवर पाशामियाँना ऐकवली. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, हाव, हाच आवाज.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण ट्रॉलीवर लोक चढत, पुढेमागे हलवत, आणि एके दिवशी सहलीला आलेल्या एका बाईचं बोट चाकाखाली चेमटलं. मृण्मयीचा जीव वरखाली झाला. तिनं ठरवलं की सोमवारी वेल्डिंगवाला बोलवून चाकं रुळाला कायमची जोडून टाकायची. तिचं काही चुकलं नव्हतं. पाशामियाँनीही मान डोलावली. घरी आले, जेवताना गौसियाला सांगितलं. गौसिया भाकरी वाढता वाढता थांबली. मेमसाबचं नाव ती या वेळी काढणार, असं त्यांना वाटलं. तिनं काढलं नाही. "जाऊ द्या," एवढंच म्हणाली, आणि तव्याकडे वळली.

ते "जाऊ द्या" पाशामियाँना लागलं. भांडली असती तर परवडलं असतं. सोमवारनंतर ती ट्रॉली कधीच चालणार नव्हती, आणि गौसियाचं राहिलेलं राहूनच जाणार होतं. दुसऱ्या दिवशी ते मृण्मयीसमोर जाऊन उभे राहिले. घसा दोनदा खाकरला, पाण्याबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले, आणि शेवटी एकदाचं सांगून टाकलं. मृण्मयी हसली नाही. रविवारी सकाळी दार उघडायच्या आधी या म्हणाली, चाचींना घेऊन. फक्त चिंचेच्या झाडापर्यंत, आणि सावकाश.

पण ट्रॉली एकट्यानं ढकलता येत नाही. एकाच रुळावरून माणूस धावला तर ती अडखळते. पाशामियाँनी देगलूरला फोन लावला. नागप्पा शनिवारच्या एसटीनं आला. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत आला, पण पिशवीत धावायची जुनी हाफ पँट घेऊन आला, यावरून काय ते समजा.

रविवारी गौसिया ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली. नागप्पानं तिला "बसा भाभी, आज तुम्हीच साहेब" म्हणून हात दिला. ती बाकावर बसली, छत्री उघडली, पदर सारखा केला. दोघे म्हातारे चपला काढून रुळांवर चढले. मागे काळं इंजिन, पुढे चिंच. मृण्मयी बाजूनं चालू लागली. चाकं आधी कुरकुरली, मग सुटली. पाशामियाँचे पाय एकापुढे एक, एका रेषेत पडू लागले, आणि त्या चालण्यात आज हसण्यासारखं काही नव्हतं. गौसियानं मागं वळून बघितलं. ती लग्नाच्या वर्षातली गौसिया होती. पाशामियाँना भरून आलं.

तेवढ्यात शेडमध्ये विजेचं काम करणाऱ्या माणसानं भोंगा चालतो का बघायला बटण दाबलं.

मागून इंजिनची शिट्टी वाजली. कर्कश, लांब, थेट पाठीवर.

"कोपरा!" पाशामियाँ ओरडले. त्यांनी पुढं झेप घेतली, गौसियाचा दंड धरला, तिला बाकावरून ओढून खडीवर उभं केलं आणि मगच वाकून पुढचा डावा कोपरा पकडला. नागप्पाचे हात आपल्या कोपऱ्याला आधीच लागले होते. "मागचे कुठं गेले?" तो ओरडला. छत्री एकीकडे उडाली. गौसियानं, काय झालं हे न कळताच, मागचा एक कोपरा धरला. ते बघून मृण्मयीनं दुसरा धरला. चौघांनी ट्रॉली उचलली आणि धापा टाकत बाजूला खडीवर ठेवली.

मग सगळ्यांनी मागे बघितलं. इंजिन होतं तिथंच होतं. त्याच्या चिमणीवर एक कावळा बसला होता.

आधी मृण्मयीला हसू फुटलं, मग नागप्पाला. ज्या शिट्टीला पाशामियाँनी स्वतः होकार भरला होता, तिनंच त्यांना फसवलं होतं. ते ओशाळून उभे राहिले. गौसिया दंड चोळत होती. इतक्या वर्षांनी बसायला मिळालं ते अर्ध्यात ओढून काढलं, आता ही आयुष्यभर ऐकवणार, हे त्यांनी मनोमन कबूल करून टाकलं.

नागप्पा मात्र हसता हसता गप्प झाला. गुडघ्यावर हात टेकून त्यानं पाशाकडे बघितलं.

"पाशा, तू चुकलास रे," तो म्हणाला. "आधी ट्रॉली धरायची. तू भाभीला धरलास."

पाशामियाँनी आपल्या हाताकडे बघितलं. साहेब, साहेबाची बायको, मोठमोठे अधिकारी, कुणासाठीही तो हात कधी चुकला नव्हता.

"हाव," ते म्हणाले. "चुकलो."

गौसियानं खडीतली छत्री उचलली. मृण्मयीनं विचारलं, चाची, राहिलेलं पुरं करायचं का, परत रुळावर चढवू या? गौसियानं मान हलवली. नको म्हणाली, झालं माझं. सोमवारी वेल्डिंगवाला आला तेव्हा ट्रॉली खडीवर होती तिथंच पक्की बसवली, इंजिनला वाट देऊन. आणि पाशामियाँच्या घरात भाजी अजून खारट होते, वादही होतात, पण मेमसाबचं नाव त्या दिवसानंतर निघालं नाही.