गुरुजींच्या सदऱ्यावरचा माइक

गोंदिया स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हा माझ्या पाठीवर एक सॅक होती, सॅकेत रेकॉर्डर होता आणि ओठांवर गाडीत घोकून आणलेलं झाडीबोलीतलं एक वाक्य होतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूच्या खेड्यांतली ही बोली. ती संगणकाला कळावी म्हणून मी पुण्याहून इतक्या लांब आले होते, त्यामुळे सुरुवात आपणच करावी असं वाटलं. समोर आलेल्या पहिल्या रिक्षावाल्याला मी म्हटलं, "भाऊ, मी नाश्ता शोधून राहिली."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "मैडम, हिंदी आती है ना आपको?"

"आती है."

"तो फिर हिंदी में ही बोलिए. क्यों परेशान हो रही हैं."

गोंदिया शहरात हिंदी चालते हे मी वाचलं होतं, पण रात्रभराच्या प्रवासानंतर वाचलेलं आठवतंच असं नाही. त्यानं मला पोह्यांच्या एका टपरीवर सोडलं. तिथे पोह्यांवर चण्याची तर्री (लालभडक पातळ रस्सा) ओतून देतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टपरीवाल्याला वाटलं, बाईंना फार आवडलं. त्यानं न विचारता आणखी एक पळी ओतली. खोटं कशाला सांगू, ती प्लेट मी पुसून खाल्ली.

माझं संशोधन थोडक्यात सांगते. शेतकऱ्यानं फोनवर बोलून प्रश्न विचारायचा, संगणकानं तो लिहून घ्यायचा आणि त्याला उत्तर मिळायचं, अशी एक सोय आमच्या विभागात तयार होत होती. पुण्या-नाशकाच्या आवाजांवर शिकलेलं आमचं यंत्र तिकडच्या लोकांचं बोलणं बऱ्यापैकी लिहायचं. पूर्व विदर्भातला माणूस बोलला की मात्र ते जे काही लिहायचं, ते वाचून आमचे मार्गदर्शक सर चष्मा काढून ठेवायचे. उपाय एकच होता. तिथे जायचं, तिथल्या लोकांचं खरंखुरं बोलणं त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करायचं आणि यंत्राला ऐकवायचं. माझ्या प्रबंधाचं अर्धं भवितव्य त्यावर होतं.

गोंदियाहून सौंदडला पॅसेंजर जाते. खिडकीबाहेर धान पिवळं पडू लागलं होतं. मध्येच एखादी बोडी (लहान तळं), तिच्या काठाशी निश्चल बगळे, मग पुन्हा धान. माझ्यासमोरची एक बाई शेजारणीशी असं काही भरभर आणि लयीत बोलत होती की माझे हात शिवशिवले. मी धीर करून तिला सगळं समजावून सांगितलं, रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. ती आनंदानं हो म्हणाली. मी माइक पुढे धरला. तिनं पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाली, "माझे नाव अनसूया आहे. मला प्रवास करायला आवडते."

एवढं बोलून ती थांबली. मी माइक बंद केला तशी ती शेजारणीकडे वळून म्हणाली, "बाप्पा, जीव कसा धडधड करून राहिला माहा."

आपल्यापुढे काय वाढून ठेवलं आहे, याचा अंदाज मला तिथेच यायला हवा होता.

सौंदडच्या फलाटावर रामटेके गुरुजी घ्यायला आले होते. सदऱ्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. ओळखीच्या ओळखीतून त्यांच्या घरी माझी राहण्याची सोय झाली होती. "जय भीम. आपले स्वागत असो," ते म्हणाले. "आपला प्रवास सुखकर झाला ना?" इतकं स्वच्छ मराठी मी पुण्यातही क्वचित ऐकलं होतं, आणि मी तर नेमकं दुसरं ऐकायला आले होते.

स्टेशनापासून थोडं आत त्यांचं गाव. गुरुजींच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि बोडीतल्या माशांचा रस्सा वाढला. त्या वाढताना एकदाच बोलल्या, "लाजू नोको, पोटभर जेव." गुरुजींनी लगेच दुरुस्ती केली, "लाजू नका, असे म्हणावे." शेवंताबाईंनी त्यांच्या पानात भाताचा आणखी एक डोंगर रचला. त्यांचं उत्तर ते होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं जमली. गुरुजींनी माझ्यासाठी मनापासून तयारी केली होती आणि तीच माझ्या मुळावर आली. त्यांनी सगळ्यांची तालीम घेतली होती. एकेक जण येऊन माइकपुढे बसे आणि म्हणे, "मी एक शेतकरी आहे. माझ्या शेतात भाताचे पीक आहे." एक बाई चुकून म्हणाली, "आमच्या बांधीत..." (बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा.) गुरुजी खाकरले. "शेतात," ती घाईनं म्हणाली. जमलेले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी होते. केस पांढरे झाले तरी गुरुजी खाकरले की ताठ बसत होते.

"गुरुजी," मी हळूच म्हटलं, "यांना घरी बोलतात तसं बोलू द्या ना. मला तेच हवंय."

"मॅडम, पाहुण्यांसमोर घरातले कपडे घालून कोणी बसतो का?" ते म्हणाले. "आणि आपले यंत्र विद्यापीठातले. ते अशुद्ध ऐकून बिघडायचे."

यंत्र बिघडत नाही, उलट सुधारतं, हे मी चित्र काढूनही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला "बसा" म्हणाले.

असेच दिवस गेले. सरांचा फोन आला, काय काय मिळालं म्हणून. मी म्हटलं, "सर, चौथीचं पाठ्यपुस्तक मिळालंय. वेगवेगळ्या आवाजांत."

शेवटी मी गुरुजींनाच बोलतं करायचं ठरवलं. धानाच्या जातींवर बोलायला ते तयार झाले, तेही त्यांच्या वावरात. तिथे त्यांचं अर्धं धान कापून झालं होतं आणि त्याच्या कडपा (कापून बांधीतच वाळायला पसरलेलं धान) उन्हात पडल्या होत्या. मी त्यांच्या सदऱ्याला बिनतारी माइक लावला, कानाला हेडफोन लावून बांधावर बसले. गुरुजी हात मागे बांधून सुरू झाले, "भात हे आपल्या जिल्ह्याचे प्रमुख पीक होय. हवामान उष्ण व दमट..."

आणि ते थांबले. वरच्या बांधीच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं, सरळ कडपांकडे. वरची बांधी हेमराज पटलेंची. कापणीआधी बांधीतलं पाणी काढावं लागतं, म्हणून त्यांनी बांध फोडला होता.

गुरुजी पळाले. त्या वयाचा माणूस चिखलातून इतका वेगानं पळताना मी पाहिलेला नाही. माझ्या कानात त्यांचा आवाज फुटला, "अबे हेमराज, काऊन पानी सोडून राहिला बे? माह्या कडपा पडून आहेत ना इकडं!"

"मले का मालूम तुमी कापलात म्हून?" वरून हेमराज ओरडले. "माही बांधी भरून आहे. मी पानी कोठं नेऊ?"

"कोठं नेऊ म्हन्ते. आपल्या डोस्क्यावर ने." आणि त्यापुढे गुरुजींनी एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही, पण उच्चार फार ठसठशीत होता.

आवाज तुटू नये म्हणून मी रेकॉर्डर उंच धरून त्यांच्यामागे पळत होते. बांधावरून पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात बसले. रेकॉर्डर तेवढा हवेत राहिला. पलीकडे धान कापत असलेल्या शेवंताबाई धावत आल्या. "भांडन मंग करा," त्या दोघांवर कडाडल्या. "पयले कडपा उचला." मग हेमराजनी फावड्यानं बांध बुजवला आणि खाली उडी मारली. आम्ही चौघांनी हाताला येईल तेवढं धान उचलून कोरड्या बांधावर नेलं. माझ्या दंडांवर ओरखडे उठले. कोपऱ्यातलं थोडं भिजलं, बाकीचं वाचलं. हेमराज फावडं खांद्यावर टाकून मागे न बघता निघून गेले. गुरुजींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन हातपाय धुतल्यावर मी गुरुजींना खरं ते सांगितलं. माइक चालू होता. सगळं रेकॉर्ड झालंय.

ते ऐकवा म्हणाले. मी ऐकवलं, आणि यंत्रानं काय लिहिलं तेही फोनवर दाखवलं. "माझे कपडे पडून आहेत," असं यंत्रानं लिहिलं होतं. शेवंताबाई पदरात तोंड घालून हसल्या. गुरुजी हसले नाहीत.

"हे पुसून टाका," ते म्हणाले.

तो त्यांचा हक्कच होता. त्यांनी परवानगी दिली होती ती व्याख्यानाला, भांडणाला नव्हे. माझ्याकडचं एकमेव खरं रेकॉर्डिंग जाणार होतं. तरी मी म्हटलं, "पुसते, गुरुजी."

त्यांनी रेकॉर्डर माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मी शिकायला नागपूरला गेलो तेव्हा वर्गात उभा राहून म्हटले होते, सर, मी लिहून राहिलो. सगळा वर्ग हसला. सरही हसले. माझ्या शाळेतल्या एकाही पोरावर ही वेळ यायला नको, एवढेच मी आयुष्यभर पाहिले. आणि आता माझेच हे ऐकवणार तुम्ही तिथे?"

शेवंताबाई तांदूळ निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमी त्या सुद्ध बोलीत हेमराजले हाक मारली असती, त थो म्हनला असता, गुरुजी कविता म्हनून राहिलेत. धान वाहून गेला असता. ज्याले अडचन आहे, थो असाच बोलन ना त्या फोनवर? मशीनले समजलं नाई, त मानसानं कोनाले सांगाचं?"

गुरुजी उठून अंगणात गेले. सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "ठेवा. मात्र शिवी काढा. आणि हेमराजचाही आवाज आहे त्यात. त्याला विचारल्याशिवाय ठेवता येणार नाही, खरे ना?"

हे खरं होतं. त्यामुळे गुरुजींना स्वतःहून हेमराजच्या दारी जावं लागलं, आणि मला वाटतं त्यांना तेच हवं होतं. हेमराजनी आम्हाला खाटेवर बसवलं, बायकोला पोवारीत (त्यांच्या घरच्या बोलीत) चहा सांगितला आणि रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं.

"माही परवानगी आहे," ते म्हणाले. "पन शिवी कायले काढता?"

"शोभत नाही," गुरुजी म्हणाले.

"मले देल्ली शिवी, थे माही झाली. मी म्हन्तो ठेवा."

"तुही कशी झाली बे? तोंड माहं होतं ना."

मी दोघांना विचारून रेकॉर्डर चालू केला. त्यांनी मानेनंच हो म्हटलं आणि वाद चालू ठेवला. चहा आला, चहा संपला, शेजारपाजारचे जमले आणि प्रत्येकानं आपलं मत दिलं. कुणीही घसा साफ केला नाही. शिवी शेवटी काढली, पण ती काढण्यावरून झालेलं बोलणं माझ्या प्रबंधाला पुरून उरणारं होतं.

निघताना गुरुजी सौंदड स्टेशनापर्यंत आले. फलाटावर त्यांनी पुन्हा घडीचं मराठी काढलं. "आपल्या संशोधनास यश लाभो. काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमस्व." मी वाकून नमस्कार केला आणि गाडीत चढले. गाडी हलली तशी ते एकदम बाकाकडे धावले आणि शेवंताबाईंनी बांधून दिलेला डबा उचलून माझ्या खिडकीशी आले.

"अवो पोरी, डबा काऊन ठेवून चालली?" ते धापा टाकत म्हणाले. "उपाशी जाशीन का?"

डबा हातात आला आणि फलाट मागे गेला. रेकॉर्डर सॅकेत, बंद होता.

पुण्यात आल्यावर यंत्राला ते सगळं ऐकवलं. आता ते कडपाला बहुतेक वेळा कडपाच लिहितं. अधूनमधून त्याची कपड्यांची ओढ उफाळून येते. प्रबंधात रेकॉर्डिंगची परिस्थिती लिहावी लागते, तिथे मी 'वक्ता धावत असताना' असं लिहिलं आणि सरांनी ते राहू दिलं. बोली गोळा करायला जाते आहे, असं मी जाताना सगळ्यांना सांगत होते. पण माणसं ती परक्यासाठी काढतच नाहीत, आणि ती मागायला माझ्याकडे एक माइक सोडून दुसरं काही नव्हतं.

शेवंताबाईंचा डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. रिकामा परत देता येत नाही, म्हणून त्यात काय न्यावं याचा विचार चालू आहे.